वडीचा कर्ता कोण

घरी दाढीचा साबण करण्याची हल्ली एक सोपी रीत झाली आहे. तयार सोप बेसची लादी विकत आणायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरे भांडे ठेवून त्यात ते वितळवायचे, थोडी मुलतानी माती आणि वासासाठी चार थेंब घालायचे आणि साच्यात ओतायचे. काही तासांत वडी सुटते. ती दुसऱ्याच्या हातात देताना 'मी केलेला साबण' असे म्हटले की कोणीतरी हटकतोच: साबण झाला तो कारखान्यात, तुम्ही फक्त त्याचा आकार बदललात. हा आक्षेप साबणापुरता नाही. एखाद्या गोष्टीचा कर्ता कोणाला म्हणायचे, हा तो जुना प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करायला अमळनेरसारखे गाव नाही. प्रतापशेठांच्या आश्रयाने १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी देशभरातले पंडित या खानदेशी गावात येऊन राहिले. याच गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. ती पुढे विप्रो झाली. सुरुवातीला तिचा माल होता वनस्पती तूप आणि त्याच तेलाच्या धंद्यातून निघणारा ७८७ हा कपडे धुण्याचा साबण.

आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की दोन्हीही उरत नाहीत. त्यांच्या जागी साबण आणि ग्लिसरीन अशा दोन नव्या वस्तू येतात आणि त्यांतून पुन्हा तेल सहजासहजी मिळत नाही. दुधाचे दही होते तसा हा खरा परिणाम आहे. बेस वितळवण्यात यातले काहीच घडत नाही. लादी होती तेव्हाही साबण, पातळ झाली तेव्हाही साबण, वडी झाली तेव्हाही साबणच. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीच्या भांड्यांबद्दल जे समजावतो ते इथे तंतोतंत लागू पडते: बदलले ते नाव आणि रूप. म्हणून वडी करणाऱ्याने साबणपणाचे श्रेय घेऊ नये, एवढे मान्य करायलाच हवे.

पण त्यापुढे जाऊन 'तो कर्ताच नाही' असे म्हणता येत नाही. सुरुवातीच्या द्रव्यापासून ज्याने केले तोच कर्ता, हा दंडक लावला तर कारखानाही टिकत नाही. त्याने तेल विकत घेतले, तेलाच्या गिरणीने बी विकत घेतले, शेतकऱ्याने बियाणे पेरले पण त्या बियाण्यातला जीव त्याने घातला नाही. आणि ही साखळी देवापाशी तरी थांबते का? न्याय-वैशेषिक दर्शनांच्या मते थांबत नाही. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या सिद्धीसाठी जो पहिला युक्तिवाद मांडला तो असा, की जग हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता लागतो. तरीही या ईश्वराने परमाणू निर्माण केलेले नाहीत. ते नित्य आहेत, आधीपासूनच आहेत. तो त्यांची जुळणी करतो. म्हणजे तयार द्रव्य हाती घेणाऱ्याला कर्ता म्हणायचे नसेल तर नैयायिकांच्या परमेश्वरालाही म्हणता येणार नाही. एवढी किंमत मोजायला कोणताही नैयायिक तयार होणार नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

मग कर्ता ठरतो कशावरून? न्यायाचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. ज्याला आपल्या उपादानाचे, म्हणजे हातातल्या द्रव्याचे, प्रत्यक्ष ज्ञान आहे, ते करण्याची इच्छा आहे आणि त्यासाठी ज्याचा प्रयत्न आहे, तो कर्ता. इच्छा आणि प्रयत्न बेस वितळवणाऱ्यापाशी असतातच. खरी कसोटी लागते ती ज्ञानाची.

यावर कोणी म्हणेल की मग रसायनशास्त्र शिकलेल्यांखेरीज कोणीच साबणाचा कर्ता नाही. तसे नाही. चरबीच्या पोटात काय असते ते शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२३ साली ग्रंथात मांडले. त्याआधी शेकडो वर्षे माणसे उत्तम साबण करतच होती. कुंभाराला मातीची घटकद्रव्ये सांगता येत नाहीत, पण कोणती माती भाजताना तडकेल ते तो बोटांनी सांगतो. द्रव्य कसे वागते आणि ज्या कामासाठी ते घेतले त्या कामात तसे का वागते, हे ज्ञान पुरते. दाढीच्या साबणात ते लपवता येत नाही, कारण हात धुण्याच्या साबणाला जे चालते ते इथे चालत नाही. इथे फेस दाट हवा आणि वस्तरा फिरेपर्यंत गालावर ओला राहायला हवा. असा फेस मुख्यतः स्टिअरिक आम्लाच्या साबणातून येतो. खोबरेलाचा फेस भराभर फुलतो आणि तितक्याच भराभर बसतो. साबण 'पौष्टिक' व्हावा म्हणून बेसमध्ये वरून बदामाचे तेल ओतले तर फेस मरतो. मुलतानी माती कोरडीच टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून ती आधी ग्लिसरीनमध्ये कालवायची. मिश्रण फार गरम आणि पातळ असताना ओतले तर तीच माती साच्याच्या तळाशी बसते. थोडे दाटू लागले की ओतायचे. जास्त तापवले तर पाणी उडून बेस चिवट होतो. हे ज्याला कळले तो त्या वडीचा कर्ता आहे, आणि ज्याने फक्त पाकिटावरच्या सूचना पाळल्या तो अजून व्हायचा आहे.

न कळण्याचीही एक पुढची पायरी असते. १९३३ साली तत्त्वज्ञान मंदिरातल्या जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी अज्ञान या एकाच विषयावर एकत्र ग्रंथ काढला आणि त्यात आपापली वेगवेगळी मते मांडली. वेदान्ताचा जुना विचार असा, की अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव नव्हे; ते वस्तू झाकते आणि तिच्या जागी दुसरेच काही उभे करते. बेसमध्ये काय आहे ते ठाऊक नसणे हे झाकणे झाले. त्याच वडीच्या वेष्टनावर 'संपूर्ण नैसर्गिक, केमिकलमुक्त' असे छापणे हा दुसरा प्रकार. बेसमध्ये कॉस्टिकने झालेला साबण असतो आणि तो वितळता राहावा म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा सॉर्बिटॉलसारखी द्रव्ये बहुधा असतात. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. पण ती नाकारणारा माणूस मघाशी मिळवलेले कर्तेपण तिथेच गमावतो, कारण त्याने आपल्या उपादानाशीच खोटेपणा केला.

सर्वांत अवघड आक्षेप अद्वैतीच घेईल: मुळात 'मी कर्ता' हाच अध्यास, म्हणजे भ्रम, आहे, मग वाटणी कसली करता? परमार्थाच्या पातळीवर त्याला माझ्यापाशी उत्तर नाही आणि ते देण्याची गरजही नाही, कारण व्यवहारातले कर्तेपण शंकराचार्यांनीही नाकारलेले नाही. विधिनिषेध सगळे त्यावरच उभे आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. कर्त्याला तिथे जागा आहे, पण पाचांतली एक. एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला गीता दोष देते. जागा सोडून जायला ती सांगत नाही. वडीचेच पाहा: पावसाळ्यात अमळनेरच्या बोरी नदीकाठची हवा दमट झाली की उघड्या ठेवलेल्या वडीवर पाण्याचे थेंब जमतात, कारण तिच्यातले ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेते. ओल करणाऱ्याच्या हाती नाही. वडी सुटल्याबरोबर घट्ट गुंडाळून ठेवणे मात्र त्याच्याच हाती आहे, आणि घेणाऱ्याने थेंबांचे कारण विचारले तर ते सांगणेही त्याच्याकडेच येते.