भूकमळे निरखणारा



ऑटिझमला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. हा शब्द जरा चकवतो. उत्तर आयर्लंडमधील डारा मॅकनल्टी हा २००४ साली जन्मलेला तरुण स्वमग्न आहे. त्याची आई आणि भावंडेही. शाळेत मुलांनी त्याला फार छळले. किशोरवयात त्याने वर्षभर रोजनिशी लिहिली: रानवाटा, पाखरे, किडे, फुले. ती २०२० साली पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी तिला निसर्गलेखनाचा वेनराइट पुरस्कार मिळाला. यात स्वतःत मग्न असणे कुठे आले? हा तर पाखरांत मग्न!

पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशू भूकमळांकडे बोट दाखवतो (मत्तय ६:२८). तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ नुसते पाहणे नव्हे, तर नीट निरखून शिकणे असा आहे. असा तरुण एका पानापाशी अर्धा तास थांबतो, घरी येऊन त्याचे चित्र काढतो, तेव्हा तो तेच करत असतो.

‘पण हा कमावणार कधी?’ आईवडिलांची झोप उडवणारा हा प्रश्न खरा आहे. त्याला सोपे उत्तर नाही. मात्र प्रभूने भूकमळांची कमाई विचारली नाही.

आपल्या शेजारी असे घर असेल, तर रविवारी संध्याकाळी त्या मुलाला फिरायला सोबत हवी का, हे विचारू या. वाटेत त्याला बोलते करण्याची घाई नको. आणि मिस्सेत लाउडस्पीकर असह्य होऊन कोणी कान झाकून बाहेर गेला, तर मागे वळून बघायला नको. तो आवारातल्या झाडाखाली असेल.