आसक्ती आणि अनुराग

स्त्री-पुरुषांच्या परस्पर आकर्षणाविषयी समाजात दोन टोकांची मते आढळतात. तरुण मनास ते आकर्षण दैवी संकेतासारखे वाटते. ज्या व्यक्तीकडे चित्त एवढ्या वेगाने धाव घेते, तिच्यावाचून आपले जीवन व्यर्थ होय, असे ते मन मानते. उलटपक्षी, घरातील वडीलधाऱ्यांस त्यात केवळ अधःपाताची चाहूल लागते. ही मते परस्परविरुद्ध खरी. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. ती अशी की, आकर्षण ही बाहेरून येऊन मनुष्यावर झडप घालणारी शक्ती असून तिचे सारे सामर्थ्य समोरच्या व्यक्तीत साठविलेले असते. श्रीमद्भगवद्गीतेस ही समजूत मान्य नाही.

दुसऱ्या अध्यायाच्या ६२ व ६३ या श्लोकांत भगवंतांनी मनुष्याच्या पतनाची परंपरा सांगितली आहे. विषयचिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, पुढे संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि अखेरीस सर्वनाश, असा तो क्रम आहे. हे श्लोक मुखोद्गत असलेले गृहस्थ पुष्कळ असतील. परंतु त्यातील पहिली पायरी कोणती, याचा विचार फार थोडे करतात. पहिली पायरी रूप नव्हे, यौवनही नव्हे. पहिली पायरी चिंतन होय. एकच रूप शेकडो जणांच्या दृष्टीस पडते. परंतु ज्याचे मन त्या रूपाभोवती रात्रंदिवस घुटमळत राहते, त्याच्याच ठिकाणी संग उत्पन्न होतो. तात्पर्य, आसक्तीचे बीज पाहणाऱ्याच्या मनात पेरले जाते आणि त्यास पाणीही तोच घालतो.

पाश्चात्त्य निरीक्षकांसही या सत्याची ओळख पटलेली दिसते. फ्रेंच लेखक स्तांदाल याने प्रेमावरील आपल्या १८२२ सालच्या ग्रंथात साल्झबुर्गच्या मिठाच्या खाणींचा दृष्टांत दिला आहे. तेथे खोल टाकलेली एखादी निष्पर्ण डहाळी काही महिन्यांनी बाहेर काढली, तर ती लखलखणाऱ्या स्फटिकांनी अशी मढलेली असते की मूळची काटकी ओळखूही येत नाही. प्रेमिकाचे मनही प्रिय व्यक्तीवर असेच गुणांचे स्फटिक चढवीत असते. पुढे १९७४ साली डटन व ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातील एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅपिलानो नदीवरील उंच व हेलकावणाऱ्या झुलत्या पुलावर काही पुरुषांस एका तरुणीने प्रश्न विचारले; दुसऱ्या काही पुरुषांस तसेच प्रश्न एका बुटक्या व भक्कम पुलावर विचारले. झुलत्या पुलावरील पुरुषांपैकी अधिक जणांनी मागाहून तिला दूरध्वनी केला. भयाने वाढलेली छातीची धडधड त्यांच्या मनाने आकर्षणाची मानली असावी, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. हृदय वेगाने धडधडले म्हणजे त्याने सत्यच सांगितले, असे नाही.

मग कामातून क्रोध का उत्पन्न होतो? कारण मनाने घडविलेली मूर्ती आणि समोरची जिवंत व्यक्ती यांची कधी ना कधी फारकत होतेच. विवाहानंतर काही वर्षांनी पती पत्नीस अथवा पत्नी पतीस म्हणते, ‘पूर्वीचे तुम्ही राहिला नाहीत.’ पुष्कळदा व्यक्ती बदललेली नसते. स्फटिक तेवढे गळून पडलेले असतात. मोडली ती स्वतःची कल्पना. शिक्षा मात्र सहचरास! नकार मिळताच ज्याचे प्रेम सूडात बदलते, त्याच्या अंतरी प्रेम नव्हतेच. होता तो केवळ संग.

हाच न्याय मातापित्यांसही लागू आहे. पुत्राची अथवा कन्येची एक मूर्ती त्यांनीही मनात घडविलेली असते. अपत्याने स्वतः जोडीदार निवडला की ती मूर्ती भंगते आणि क्रोध उसळतो. त्या क्रोधास कुलधर्माचे नाव देण्यापूर्वी, आपणही त्याच पायऱ्या उतरत नाही ना, हे त्यांनी तपासून पाहावे.

याचा अर्थ कामवासना समूळ त्याज्य आहे, असा नव्हे. सातव्या अध्यायाच्या ११ व्या श्लोकात, प्राणिमात्रांतील धर्माशी अविरुद्ध असा काम आपलेच रूप असल्याचे भगवंत सांगतात. मग धर्माविरुद्ध कोणता व धर्मानुकूल कोणता, हे ओळखावे कसे? नारदभक्तिसूत्रांत याची एक कसोटी आहे: जारप्रेमात प्रियाच्या सुखाने सुखी होणे नसते. जेथे दुसऱ्याचे सुख हेच आपले सुख होते, तेथे अनुराग; जेथे दुसरा आपल्या सुखाचे केवळ साधन ठरतो, तेथे आसक्ती.

महाभारताच्या वनपर्वातील सावित्री या अनुरागाचा आदर्श होय. पिता अश्वपती याने वर निवडण्याचे काम तिच्यावरच सोपविले होते. सत्यवानाचे आयुष्य एकच वर्ष उरले आहे, हे नारदमुनींनी उघड केल्यावर पित्याने तिला दुसरा वर पाहण्यास सांगितले. तिने निश्चय सोडला नाही आणि पित्यानेही तो अखेर मान्य केला. सत्य झाकून तिने प्रेम केले नाही. सत्य जाणून केले. पुढे यमधर्माकडे वर मागतानाही तिने प्रथम सासऱ्याची दृष्टी व राज्य मागितले, नंतर पित्यासाठी पुत्र मागितले. पतीचे प्राण सर्वांच्या शेवटी. संग मनास एका व्यक्तीपुरते आकुंचित करतो. अनुराग एका व्यक्तीच्या द्वारे अनेकांस कवेत घेतो.

म्हणून पहिला आवेग ओसरला की प्रेम संपले, असे मानून खिन्न होण्याचे कारण नाही. श्रावणातील पूर ओसरल्यावरच नदीचे पाणी निवळते व तहान भागविण्याजोगे होते. आजारपणातील जागरण, अडचणीच्या दिवसांतील काटकसर, रागाच्या क्षणी आवरलेला एक कठोर शब्द, यांतून जो स्नेह वाढतो, त्यास स्फटिकांची गरज नसते. मात्र हे व्रत दोघांचे आहे. एकाने छळावे आणि दुसऱ्याने निमूटपणे सोसावे, यास अनासक्ती म्हणत नाहीत. असा छळ थांबविणे हाही धर्मच होय.

सर्वनाशापर्यंत नेणाऱ्या त्या जिन्याची शेवटची पायरी मनुष्याच्या हाती नसते. पहिली मात्र असते. चित्ताने कशाचे चिंतन करावे, हे अभ्यासाने ठरविता येते. सहचराच्या उणिवांचे चिंतन केले, तर द्वेष वाढेल. कल्पित मूर्तीचे केले, तर मोह वाढेल. जे गृहस्थ व ज्या गृहिणी नित्य एवढेच चिंतन करतील की, समोर आहे तो आपल्या सुखाचा विषय नसून आपल्यासारखाच सुखदुःख जाणणारा, ईश्वराचा अंश असलेला जीव आहे, त्यांचा गृहस्थाश्रम हीच त्यांची साधना होईल.