मंत्राचा उच्चार आणि त्याचे पावित्र्य

मंत्राचे सामर्थ्य त्याच्या ध्वनीत असते की अर्थात, हा वाद भारतात फार जुना आहे: मंत्र निरर्थक आहेत हे कौत्स या आचार्याचे मत यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात, मांडून खोडून काढले, तर शिक्षाग्रंथांनी, म्हणजे वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांनी, स्वर चुकल्यास मंत्र यजमानावरच उलटतो असे बजावले. मात्र मंत्र परक्या भाषेत गेला आणि तेथे त्याचे मूळ ध्वनीच नसले, तर काय उरते, हे या वादात फारसे तपासले गेले नाही.

निचिरेन (१२२२–१२८२) या जपानी बौद्ध आचार्याने प्रचलित केलेला ‘नमु म्योहो रेंगे क्यो’ हा जप म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला केलेले वंदन होय. त्यातील ‘नमु’ हे संस्कृत ‘नमस्’चेच चीनमार्गे आलेले रूप, तर उरलेले शब्द म्हणजे कुमारजीवाने ४०६ साली केलेल्या चिनी भाषांतराच्या शीर्षकाचे जपानी वाचन आहे. ग्रंथनाम अर्थाने नेले, पण चिनीत वंदनाला शब्द असूनही वंदन ध्वनीनेच नेले, ही निवड विचार करण्याजोगी आहे. उच्चार शिकणाऱ्या मराठी माणसाला येथे मात्रांची अडचण येते: मराठी छंदांत ए आणि ओ गुरू मानले जातात, जपानीत ते ऱ्हस्वही असतात, ‘रे’ आणि ‘गे’ एकमात्रिक, त्यांमधील अनुस्वाराला स्वतःची एक मात्रा, आणि ‘म्यो’, ‘हो’, ‘क्यो’ द्विमात्रिक आहेत.

निचिरेनच्या परंपरेतील निचिदात्सु फुजी या भिक्षूंनी १९३३ साली वर्धा येथे गांधीजींची भेट घेतली आणि पुढे हा जप सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत आला. तेथे तो ‘नम्यो हो रेंगे क्यो’ असा म्हटला जातो. ‘नमस्’ मायदेशी परतला तो असा झिजून, पुढच्या शब्दात मिसळून. शिक्षाग्रंथांच्या कसोटीवर हा उच्चार सदोष ठरेल. पण त्यामुळे ती प्रार्थना निष्फळ मानणे अन्यायाचे होईल, कारण तेथे बसलेला माणूस ज्याच्यापुढे नम्र होतो ते त्या दोषाने बदलत नाही.

डहाणू तालुक्यातील आशागड, गंजाड या भागातील वारली विवाहविधीतही उच्चाराच्या अचूकपणावर न टेकलेले हेच पावित्र्य दिसते. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लिहिलेल्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या लग्नचित्रात, पालघट या विवाहदेवतेला बोलावते ती धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री पुरोहित, आणि ते गाण्याने. ते गाणे पोथीत बांधलेले नाही, मुखपरंपरेने आलेले आहे. त्याला अधिकार देते ते अक्षरांचे अचूकपण नव्हे, तर ते कोणी, कोणत्या वेळी, कोणासाठी गायचे याविषयी समाजाने जपलेली शिस्त. जपानी भिक्षूलाही ‘नमु’ गुरूच्या मुखातूनच मिळतो, आणि तो बिनचूक म्हणण्याचा त्याचा आग्रह मूळ संस्कृत ध्वनीशी नव्हे, तर त्या गुरूशी इमान राखणारा असतो.