ओढ्याकांठचा वाळुंज

(वाचावें: यशया ४४:१-५, स्तोत्र १३७, लेवीय २३:३९-४३)

लबानोनचा गंधसरू आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. परंतु वाळुंज आपल्या ओळखीचा आहे. महाबळेश्वराच्या झऱ्यांपासून खालच्या नदीओढ्यांपर्यंत, जेथें मुळांस पाणी लागतें तेथें तो उभा असतो. पान लांबट, खालून पांढुरकें. डाहळी लवचिक, म्हणून टोपल्यांच्या कामास येते.

मंडपांच्या सणांत इस्राएल लोकांनीं ओढ्याकांठच्या वाळुंजाच्या डाहळ्या घेऊन सात दिवस आनंद करावा, अशी आज्ञा होती. पुढें ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडलें, आणि बाबेलच्या नद्यांकांठीं त्याच लोकांनीं वाळुंजांवर आपल्या वीणा टांगल्या. (तें झाड वाळुंजाच्याच कुळांतील दुसरें असावें, असें वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात, त्यावर वाद घालण्याचें आपणांस कारण नाहीं.)

आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांस दसरा-दिवाळीनंतर कुलपें लागतात. माणसें ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्यांतच परततात. एका उपदेशकानें मला विचारलें, “साहेब, रविवारीं मंदिर रिकामें, मीं शिकवावें कोणास?” त्याच हंगामांत एका कोपीवर एक बाई मला म्हणाली, “येथें कसली उपासना, साहेब? भजनाचें पुस्तक गांवींच पेटींत राहिलें.”

तिची वीणा टांगलेली होती, मोडलेली नव्हती. बंदिवासांतल्या त्या लोकांनींही ती मोडली नाहीं. आणि यशयाच्या द्वारें देवानें त्यांस काय कळविलें? तुमच्या संततीवर मी आपला आत्मा ओतीन, आणि ती वाहत्या पाण्याजवळच्या वाळुंजांसारखी वाढेल. ज्या झाडाखालीं बाप रडले, त्याच झाडाची उपमा मुलांस दिली!

वाळुंजाची हिरवी फांदी तोडून कोरड्या दरडीवर टाका, ती वाळून जाईल. तीच ओल्या वाळूंत रोवा, मूळ धरील. मूळ झाडापासून ती दोन्ही वेळां तुटलेलीच असते.

म्हणून उपदेशक बंधूंनो, बिऱ्हाड निघण्यापूर्वीं त्या घरीं जा. प्रार्थना करा, पुस्तक बोचक्यांत घाला, मुलांपैकीं कोणास वाचतां येतें तें पाहा, आणि कोणत्या कारखान्याकडे जाणार तें लिहून घेऊन तिकडील पाळकांस कळवा. त्या बाईस पुस्तक पोंचलें. तिची थोरली मुलगी चुलीच्या उजेडांत वाचते, आणि शेजारच्या दोन कोपींतलीं माणसें ऐकावयास बसतात.

यंदाच्या दसऱ्यास अद्याप अवकाश आहे. याद्या आतांच करूं लागा.