मोठी चाके आणि गरजेचे माप

मराठी भाषेत ‘चाकोरी’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. लोखंडी धाव बसविलेल्या चाकांनी वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून जमिनीत जी खोल रेघ पडते ती चाकोरी. तिच्यावरूनच आपण ठराविक व विचारशून्य आयुष्यास चाकोरीचे आयुष्य म्हणू लागलो, आणि जो निराळी वाट धरील तो चाकोरीबाहेर पडला म्हणून त्याचे कौतुक करू लागलो. हा वाक्प्रचार अक्षरशः खरा करणारी वाहने आता पुष्कळांच्या दारी उभी असतात. चारही चाकांस एंजिनाची शक्ती पोहोचविणारी अशी एखादी जीपगाडी घरी आली की, तिच्या धन्यापुढे लवकरच एक प्रश्न येतो. कारखान्याने बसविलेले टायर ठेवावेत, की ते काढून खडक, चिखल, वाळू या सर्वांवर चालतील असे अधिक मोठे टायर घालावेत? वरकरणी हा प्रश्न दुकानदाराने सोडवावा असा दिसतो. परंतु त्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. माणसाने आपल्या गरजेहून अधिक सामर्थ्य संपादन करावे काय, आणि करावयाचे तर त्याची किंमत कोणी द्यावी?

प्रथम लाभ किती, हे पाहू. टायरच्या अंगावर २४५/७५ आर १६ असे आकडे असतात. पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या शेकडा किती उंच टायरची बाजू आहे हे सांगतो, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत देतो. यावरून हिशेब केला तर सबंध चाकाचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. २०२० साली आलेल्या नव्या थार गाडीच्या काही प्रकारांस याच मापाचे टायर होते. त्या जागी २६५/७५ आर १६ हा टायर घातला तर व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर होतो. म्हणजे वाढ ३० मिलिमीटरांची. पण आस चाकाच्या मध्यावर असल्यामुळे तिच्याखालची मोकळी जागा वाढते ती त्याच्या निम्मी, अवघी दीड सेंटीमीटर.

आता या दीड सेंटीमीटरासाठी काय द्यावे लागते ते पाहा. व्यास शेकडा जवळजवळ चार वाढला की, एंजिन तेवढेच राहूनही चाकाचा जमिनीवरील जोर त्याच प्रमाणात घटतो. ब्रेकचा जोरही तसाच घटतो. वेगमापक पूर्वी बरोबर असेल तर तो आता शंभर दाखवील तेव्हा गाडी एकशेचारच्या घरात धावत असेल. जड चाक फिरविण्यास व थांबविण्यास अधिक श्रम पडतात, इंधन अधिक जळते, आणि पुरते वळविलेले चाक आतल्या बाजूस घासण्याचा संभव असतो. जादा चाकही त्याच मापाचे घ्यावे लागते. सृष्टीचा व्यवहार रोखीचा आहे. एका ठिकाणी जमा केलेले सामर्थ्य ती दुसऱ्या ठिकाणी खर्ची टाकते. ज्यास जमेचीच बाजू दिसते तो सामर्थ्य विकत घेत नसून त्याचा देखावा विकत घेतो, असे आम्हांस वाटते.

शिवाय दुर्गम वाट काढण्याचे श्रेय एकट्या चाकाच्या आकारास देणे इतिहासास धरून नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्या जीपगाड्या सहा लाखांहून अधिक संख्येने तयार झाल्या, त्यांचे टायर अवघे सहा इंच रुंद होते. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १९२९ पासून पुढील वर्षांत लिबियाच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या साध्या फोर्ड गाड्यांतून ओलांडल्या. टायरमधील हवा कमी करणे, रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी घालणे आणि वाळूचा पृष्ठभाग पारखून वाट निवडणे, ही त्याची साधने. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीस टेकणारा त्याचा भाग लांबतो, आणि गाडीचा भार अधिक जागेवर वाटला जातो. या विद्येस पैसा थोडा लागतो. अवधान व संयम मात्र फार लागतो. दुकानात मिळते ते घ्यावे आणि मिळत नाही ते टाळावे, हा मनुष्यस्वभाव आहे. टायरच्या बाबतीत तो उघडा पडतो इतकेच.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, तुम्ही प्रत्येक पूर्वतयारीस हौस ठरविता. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटाच्या रानात पावसाळ्यात जाणारा गुरांचा डॉक्टर, वनरक्षक, अगर कोकणातील जांभ्या दगडाच्या कातळावरून रोज जाणारा बागाईतदार यांस मजबूत बाजूंचा व खोल खाचांचा टायर नको काय? अवश्य हवा. संकट वर्षातून एकदाच येणार म्हणून त्याची तरतूद करू नये, असे आम्ही म्हणत नाही. आग रोज लागत नाही, तरी पाण्याची बादली भरून ठेवणारा शहाणाच ठरतो. परंतु बादली भरणारा आग शोधीत हिंडत नाही. तरतूद आणि हौस यांतील भेद येथे आहे. तरतूद संकटाच्या मापाने होते. हौस आधी साधन घेते आणि मग त्यास शोभेल असे संकट शोधू लागते.

आणि हा शोध जेथे नेतो तेथे इतरांचा संबंध येतो. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास व आंजर्ले येथील किनाऱ्यांवर समुद्रकासवे वाळूत अंडी घालतात. गाडीच्या भाराने ती वाळू दबते, आणि चाकांनी पाडलेल्या खोल रेघांत समुद्राकडे निघालेली इवलीशी पिले अडकतात. २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावर कातळावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यावरच तेथील फुलांचे जीवन अवलंबून आहे. मोठ्या टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे जमिनीवर दाब कमी पडतो, असे त्यांचे कैवारी म्हणतात. ते खरेही आहे. पण लहान चाकाची गाडी जेथून परत फिरली असती तेथे हे चाक जाते, हेही तितकेच खरे. चिखल व वाळू यांचा अडथळा हा पुष्कळदा जमिनीने दिलेला नकार असतो. तो ऐकू न येण्याची सोय म्हणजे सामर्थ्य नव्हे. शिवाय त्या सोयीने अडकणे टळतेच असे नाही. ते गावापासून आणखी दोन कोस पुढे ढकलले जाते, आणि मग सोडविण्यास येणाऱ्या गावकऱ्यांस ते दोन कोस चालावे लागतात.

कायद्यानेही या बाबतीत मर्यादा घातली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील कलम ५२ अन्वये वाहनाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा पुनरुच्चार केला. पण ज्यास आम्ही नैतिक प्रश्न म्हणतो तो कायद्याच्या अलीकडेच उभा राहतो, कारण कायद्याने सोडलेल्या मोकळिकीतही निवड करावयाची राहतेच.

ती निवड करण्यास एक साधी कसोटी पुरेल. गेल्या बारा महिन्यांत गाडी ज्या वाटांनी खरोखर गेली त्यांची यादी करावी, आणि त्या वाटा मागतील तो टायर घ्यावा; ज्या वाटांची केवळ चित्रे पाहिली त्यांचे मागणे ऐकू नये. या यादीत डांबरी सडकच बहुतेक असेल, तर उत्तर उघड आहे. खडक व चिखल असेल, तर मोठा टायर बेलाशक घ्यावा. फक्त ब्रेकचे अंतर, वेगाचा फरक व टायरची भार सोसण्याची मर्यादा समजून घ्यावी. स्वप्ने पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. स्वप्नाची किंमत पाहणाऱ्याने द्यावी, ती रस्त्यावरील पादचाऱ्याकडून अथवा वाळूतील पिलाकडून वसूल करू नये, एवढेच आमचे मागणे आहे. चाकोरीबाहेर पडणे ही थोर गोष्ट आहे. पण बाहेर पडताना आपणही मागे एक चाकोरी पाडीत जातो, याचे भान ज्यास आहे त्यानेच ती वाट धरावी.