दारावरची बेल

‘बालगृहांना कुलूप लावा’ असा पुकारा करणारा एका विचारवंत स्नेह्यांचा लेख गेल्या दिवाळीत वाचला. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते कळेलच, आणि इतरांना कळलं नाही तर कुणाचं काही अडत नाही. त्यांचं म्हणणं असं की मूल वाढतं ते घरात, संस्थेत ते नुसतं मोठं होतं. तेव्हा सोलापूर-पंढरपूरकडची बालगृहं बंद करा, मुलं नातेवाइकांकडे पोचवा आणि संस्थांवरचा खर्च नातेवाइकांच्या खात्यात टाका. लेख पुण्यात बसून लिहिलेला आहे, हा दोष मी मानत नाही. पंढरपूरविषयी पुण्यात बसून लिहिण्याची परंपरा जुनी आणि सन्मान्य आहे.

कल्पनाही तशी नवी नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, करोना भरात असताना, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आठ राज्यांना कळवलं होतं की बालगृहांतली मुलं शंभर दिवसांत कुटुंबांकडे पोचवा. त्या आठांत महाराष्ट्र होता. रोजगार बुडालेले, शाळा बंद, घरात एक मोबाइल आणि तोही बापाच्या खिशात, अशा वेळी सरकारला मुलांचा घरात वाढण्याचा हक्क आठवला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की घरी धाडलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिन्याला दोन हजार रुपये द्या. म्हणजे आधी मूल पोचलं आणि पैशाचा विचार मागून आला. आमच्याकडे पाहुण्यांना जेवायला बोलावून मग चूल पेटवण्याचा रिवाज आहे, त्यातलाच हा प्रकार.

संस्थांची वकिली करायला मी बसलेलो नाही. पनवेलजवळच्या बालगृहातलं प्रकरण २०११ मध्ये बाहेर आलं, मुजफ्फरपूरचं २०१८ मध्ये. बंद फाटकाआड काय चालू शकतं ते आपण वाचलेलं आहे. वाढदिवसाच्या दात्यांचा उपद्रव मात्र त्या बातम्यांत येत नाही. ओळीत बसवलेली मुलं, केक कापणारा अनोळखी काका, ‘म्हणा, थँक्यू काका’ आणि फोटो. एका मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी किती अनोळखी काकांचे वाढदिवस येत असतील? स्नेह्यांनी यावर लिहिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी लिहिलं ते बुखारेस्टवर.

बुखारेस्टचा अभ्यास हे बालगृहं बंद करा म्हणणाऱ्या मंडळींचं ब्रह्मास्त्र आहे. चाउशेस्कूच्या पाडावानंतर रुमानियातल्या अनाथालयांचं जे चित्र जगासमोर आलं, त्यातून २००० मध्ये हा प्रयोग सुरू झाला. १३६ तान्ह्या-रांगत्या मुलांतली निम्मी पालक-कुटुंबांत दिली, निम्म्यांची नेहमीची व्यवस्था तशीच राहू दिली. कुटुंबांत गेलेली मुलं बुद्धीने, भाषेने, जिव्हाळ्याने पुढे निघाली. हे सगळं खरं आहे. पण ती कुटुंबं अभ्यासकांनी स्वतः निवडली होती, त्यांना मानधन होतं, आणि दारी नियमाने येणारे, अडचण ऐकणारे सामाजिक कार्यकर्ते होते. स्नेह्यांनी त्यातलं कुटुंब तेवढं उचललं, कार्यकर्ता तिथेच ठेवला. शिवाय रांगत्या मुलाचा निष्कर्ष चौदा वर्षांच्या, रोज गोळी घेणाऱ्या मुलीला लावला.

ही मुलगी मी कल्पनेतून आणलेली नाही. पंढरपुरात मंगलताई शहांनी २००१ मध्ये ‘पालवी’ सुरू केली, ती अशाच एचआयव्हीबाधित मुलांसाठी. आईबाप एड्सने गेलेल्या दोन लहान मुली नातेवाइकांनी गोठ्यात ठेवल्या होत्या. ताईंनी आधी नातेवाइकांनाच विनवलं, मग संस्था शोधली. कुठेच जागा मिळाली नाही तेव्हा त्यांनी मुली स्वतःच्या घरी आणल्या. म्हणजे स्नेही सुचवतात तो उपाय करून झाला होता. नातेवाईक होते, घर होतं, गोठासुद्धा होता. त्या काळी या आजारावर मोफत औषधही नव्हतं. एआरटी ही सरकारी मोफत औषधयोजना २००४ मध्ये सुरू झाली, आणि मुलांसाठीची त्यानंतर. ‘शेवटचे दिवस तरी बरे जावेत’ एवढ्याच हेतूने ज्यांना आणलं, ती मुलं औषधामुळे जगली, वयात आली. जगली, म्हणून तर पुढचे प्रश्न उभे राहिले.

आणि हेही पंढरपुरातच घडावं! वारकरी ज्या गावाला माहेर मानतो, त्याच गावात एकोणिसाव्या शतकात विधवा यात्रेच्या मिषाने बाळंत व्हायला येत, आणि पुढचं चंद्रभागेला माहीत. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपुरात ते काम १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाने प्रार्थना समाजामार्फत उभं केलं. त्या विधवांना माहेर नव्हतं असं नाही. माहेर होतं म्हणूनच त्यांना लपायला पंढरपूर गाठावं लागलं. घराचं गुणगान करणाऱ्यांनी या गृहाच्या जन्मकथेवरून एकदा नजर फिरवावी.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. संपादकांनी शब्दमर्यादा सांगितली आहे, तरी त्याच्यासाठी मी ती ताणणार आहे. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने शहरांतली मुलं खेड्यांतल्या घरांत धाडली गेली. काही मुलं कुठल्याच घरात टिकेनात. अंथरूण ओलं करत, चोऱ्या करत, पळून जात. त्यांच्यासाठी ऑक्सफर्डशायरमध्ये वसतिगृहं निघाली आणि विनिकॉट त्यांचे सल्लागार झाले. थोडक्यात, चांगल्या घरांनी परत केलेली मुलं त्यांच्या वाट्याला आली. तिथून त्यांनी जे मांडलं ते आमच्या पोलीस पाटलाला आजही पटणार नाही. चोरी करणाऱ्या मुलाने अजून आशा सोडलेली नसते. आपलं काहीतरी हिरावलं गेलंय आणि जगाने ते परत द्यायला हवं, असं त्याला आत कुठेतरी वाटत असतं. म्हणून तो त्रास देतो. गप्प, शहाणं झालेलं मूल जास्त काळजीचं. आमच्या संस्थांत पाहुण्यांपुढे नेमकं तेच मूल आणून उभं करतात.

यातल्याच एका नऊ वर्षांच्या पळपुट्या मुलाला विनिकॉट पती-पत्नीने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तीन महिने त्याने घर डोक्यावर घेतलं. आधी तो पळून जाई, आणि हे कुठल्यातरी पोलीसचौकीतून त्याला घेऊन येत. मग पळणं थांबलं आणि घरातली मोडतोड सुरू झाली. विनिकॉटनी त्याला कधी मारलं नाही. अगदी अनावर झालं की ते त्याला उचलून दाराबाहेर ठेवत, पाऊस असो की रात्र, आणि ठेवताना स्पष्ट सांगत की आत्ता तुझा मला द्वेष वाटतो. पण दाराला एक खास बेल होती. शांत झाल्यावर मुलाने ती वाजवायची, दार उघडायचं, आणि मागचा शब्दही कुणी काढायचा नाही.

दाराबाहेर काढणं तर आमच्याकडे प्रत्येक काकाला येतं. बेलीची तजवीज कुणी करत नाही. माझ्या मते घर की संस्था हा सवालच चुकीच्या जागी उभा आहे. विचारायचं ते एवढंच, की बिघडल्यावर, हरल्यावर, आजार अंगावर काढून आल्यावर बेल वाजवता येते का, आणि आत दार उघडणारं कुणी आहे का.

सोलापूरला या बाबतीत एक उलटा इतिहास आहे. शहरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती अजून आहे. ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याखाली पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी अशांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं. गिरण्यांना मजूर हवेत आणि सरकारला चोर सुधारायचे आहेत, असा दुहेरी योग होता. राहायला जागा होती, काम होतं, शाळा होती. आजच्या प्रकल्प अहवालात घातलं तर एकात्मिक पुनर्वसन म्हणून मंजूर होईल. हजेरी मात्र चुकवता येत नसे. १९२४ च्या कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालण्याची सोय होती, आणि मूल म्हणजे सहा ते अठरा वर्षांचं, असं लिहिलेलं होतं. विनिकॉट चोरी करणाऱ्या मुलात आशा शोधत होते त्या काळात इथे चोरी न केलेलं मूलही जन्माने चोर होतं. तिथली घंटा आतल्या माणसाला मोजण्यासाठी वाजे. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून हा कायदा उठला. पारध्याच्या पोराला खोली भाड्याने देताना घरमालकाच्या मनातून तो उठल्याचं मला दिसत नाही.

सेटलमेंट आठवली की मात्र इथवर लिहिलेलं मलाच अपुरं वाटू लागतं. कारण ती चालवणाऱ्यांचाही हेतू मुलांचं भलं हाच होता, निदान कागदावर. नातेवाइकांपेक्षा आम्ही बरे, हे वाक्य तेही म्हणत होते. आणि खरं पाहिलं तर आईबाप गेलेली बहुतेक मुलं कुठल्याच संस्थेत नसतात, ती मावशीकडे असतात. सोलापुरात पूर्वभागातल्या तेलुगू विडी कामगारांच्या घरी जा. खोलीभर तंबाखूचा खकाणा, सुपात तेंदूपत्ता, मांडीवर हजार विड्यांचा हिशेब, आणि बाजूला अभ्यास करणारं बहिणीचं पोर. हे पोर का ठेवलंय असं विचारलं तर बाई आपल्याकडेच नवलाने बघेल. ती कुठल्या योजनेची लाभार्थी असलीच तर ‘बालसंगोपन’ची. महिन्याला ११०० रुपये होते, २०२३ पासून २२५० झाले. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’त ४००० आहेत. तेव्हा पैसे मावशीला द्या, हे स्नेह्यांचं म्हणणं मी घेतो. फक्त तेवढ्यावर सोडायला तयार नाही. पोर एचआयव्हीबाधित असेल तर तिच्याच घरात डबीतल्या गोळ्या शेजारणीपासून लपवाव्या लागतात. लपवता लपवता गोळी चुकते. वयात येणारं मूल ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून ती मुद्दाम चुकवतं, आणि चुकलेल्या गोळ्यांनी औषधच निकामी होत जातं. अशा वेळी तिच्याकडे कोण येतं? आशाताई येतात, त्यांच्या वहीत गरोदर बाया, लसी, कुष्ठरोग, क्षय असं सगळं असतं. पंधरा वर्षांच्या मुलाशी दारामागे अर्धा तास बोलत बसण्याचा रकाना त्या वहीत नाही. सिव्हिलमध्ये समुपदेशक असतात, पण तिथे जायचं म्हणजे शाळा बुडवायची, रिक्षाचं भाडं, आणि रांगेत ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती.

मग मूल अठराचं होतं. बाल न्याय कायद्याच्या दृष्टीने त्या सकाळी ते मूल राहत नाही. बालगृह संपलं, बालसंगोपन संपलं. पुढे ‘अनुरक्षण’ म्हणजे संस्थेनंतरची देखभाल आहे, एकविसापर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत. पण कायद्याच्या ४६ व्या कलमात ते द्यावंच लागेल असं नसून देता येईल असं आहे, आणि सरकारी भाषेत ‘देता येईल’ म्हणजे काय हे सोलापूरकराला पाण्याच्या वेळापत्रकावरून ठाऊक आहे. गंमत अशी की २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात एक फार शहाणं कलम आहे. बारा ते अठरा वयाचं समजदार भावंड धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळेत नाव घालू शकतं, बँकेत खातं काढू शकतं, उपचाराला संमती देऊ शकतं. कायदा करणाऱ्यांना कुणीतरी खरी घरं दाखवली असावीत. म्हणजे बाराव्या वर्षी तू धाकटीचा पालक, आणि अठराव्या वर्षी तुझं तू बघ. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, चांगलंच केलं. परीक्षेच्या आदल्या रात्री झोपायचं कुठे, हे त्यात नाही. आणि मुलीच्या बाबतीत आणखी एक. लग्न लावून दिलं की संस्था सुटकेचा श्वास टाकते. दिवाळीला, पहिल्या बाळंतपणाला ती कुठे जाते हे कुठल्या नोंदवहीत आहे?

घरांचा अनुभव या शहराला नाही असं म्हणता येत नाही. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्यासाठी आले. त्याच परिसरात तीस हजार घरांचं रे नगर झालं, आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या देताना पंतप्रधान मोदींचा गळा दाटला. या वसाहतींमागच्या, लाल बावट्याच्या आडम मास्तरांनी दोन वेगळ्या रंगांच्या पंतप्रधानांना एकाच माळावर आणलं, हे सोलापूरलाच जमावं. शहरापासून लांब, कामाला जायला बसभाडं, या तक्रारी खऱ्या आहेत. तरी जे लोकांना अशक्य वाटलं ते झालं. ती घरं सभासदांची, त्यांतलं एकही मी मागत नाही. पण पुढची वसाहत आखताना शंभर घरं बालगृहांतून आणि मावश्यांकडून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी राखावीत. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत कमावता प्रौढ, अविवाहित असला तरी, वेगळं कुटुंब ठरू शकत होता. कागद आडवा येण्याचं कारण नाही. दर वीस घरांमागे पगारी एक बाई किंवा बुवा, आरोग्य केंद्राशी जोडलेला, रात्री दार उघडणारा. नोकरी गेली, लग्न मोडलं, गोळ्या सुटल्या, तर पंचविशीपर्यंत परत येता येईल, आणि कारण विचारलं जाणार नाही. मावशीकडे राहणाऱ्यांसाठीही दार तेच, आणि मावशीसाठीसुद्धा.

स्नेही म्हणतील, ही पुन्हा संस्थाच झाली. असेल. ते असंही म्हणतील की विनिकॉटचा तो मुलगा पुढे सुधारशाळेतच गेला, मग बेलीचा उपयोग काय. गेला हे खरं. पण त्या घराशी जडलेलं नातं त्याच्या आयुष्यातल्या थोड्या टिकाऊ गोष्टींतलं एक राहिलं, हेही विनिकॉटनीच नोंदवलंय. मला त्यात वेगळंच दिसतं. लंडनमधला नामांकित डॉक्टर, मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलेला, सोबत समजूतदार बायको, स्वतःचं घर. एवढं असून दोघं तीन महिन्यांत मेटाकुटीला आली. विड्या वळणाऱ्या मावशीने तेच काम दहा वर्षं करायचं आहे. स्नेह्यांच्या लेखात तिच्यासाठी २२५० रुपये आहेत, आणि थकल्यावर तिने कुणाची बेल वाजवायची याबद्दल एक ओळ नाही.