दुसऱ्या पाण्याची कॉफी

कॉफी कशी करावी, याविषयी आमच्या घरात कधी वाद झाला नाही. कोणती कॉफी कुणी प्यावी, हाही एक प्रश्न आहे, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळले.

माझ्या लहानपणी कॉफी म्हणजे साखर घालून दुधात उकळलेली, वरून जायफळ किसलेली. ती उपासाला चाले, म्हणून चहापेक्षा तिचा मान थोडा अधिक. तिच्यात पंक्तिप्रपंच नव्हता. एकाच पातेल्यातून सर्वांचे कप भरत. पुढे शेजारी म्हैसूरकडचे बिऱ्हाड आले आणि तिथल्या मावशींनी माझ्या पत्नीला फिल्टर वापरायला शिकवले.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके. त्यात तीन-चार चमचे पूड घालून चकतीने हलकेच दाबायची, उकळी येऊन क्षणभर निवलेले पाणी ओतायचे आणि वीस मिनिटे झाकण उघडायचे नाही. मास्तराच्या स्वभावाला हे शेवटचे कलम सर्वांत जड! खाली थेंबथेंब गळते ते डिकॉक्शन. पुडीत चिकोरी असेल तर ते अधिक काळे, अधिक दाट दिसते. चिकोरी ही एक मुळी. तिच्यात कॉफीची तरतरी मुळीच नाही. पण पुडीवर तिचे प्रमाण छापलेले असते, म्हणजे निदान फसवणूक तरी नाही. डिकॉक्शन पुन्हा उकळायचे नाही; कडकडीत तापलेले दूध त्यात घातले की झाली कॉफी.

मात्र वरच्या भांड्यात भिजलेली पूड उरतेच. ती टाकवत नाही. तिच्यावर पुन्हा पाणी ओतले की दुसरे डिकॉक्शन उतरते. पहिले पाहुण्यांना, माझ्या आईला आणि मला. दुसरे कुणाला, हे मी पंधरा वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

एके दिवशी चुकून पत्नीचा कप माझ्या तोंडाला लागला. कडवट, आणि तरीही पुळचट. पुडीतला सुगंध आणि रुचकरपणा पहिल्या पाण्याबरोबरच निघून जातो. मागे राहतो तो बहुतेक कडवटपणा. मी म्हणालो, "अगं, हे काय पितेस?"

"मला पातळच आवडते," ती म्हणाली.

इथे माझी अडचण सुरू झाली. आवड ज्याची त्याची, तिच्यावर दुसऱ्याने हुकूम चालवू नये, असे मी वर्गात मुलांना सांगतो. पण जिच्या वाट्याला पहिला कप कधी आलाच नाही, तिची आवड ही आवड म्हणायची की सवय? आणि पंधरा वर्षांची सवय ही आवडच नव्हे काय? तुला काय आवडते ते तुलाच कळत नाही, असे तिला म्हणावे, तर कपाबरोबर तिचे मतही काढून घेतल्यासारखे होते. गप्प बसावे, तर माझे तत्त्वही सांभाळले जाते आणि माझी कॉफीही. तत्त्व आणि सोय अशी गळ्यात गळा घालून आली की मला संशय येतो.

मी तोडगा काढला. दोन्ही डिकॉक्शने एकत्र करून सर्वांना सारखी द्यावी. आठ दिवस तसे चालले. नवव्या दिवशी आईने कप खाली ठेवून विचारले, "दूधवाला बदललास का रे?" पत्नी म्हणाली, "अहो, तुमच्या न्यायाने एकाचीही कॉफी धड राहिली नाही." तिचे खरे होते. पूड दुप्पट घालावी हा सरळ उपाय, पण कॉफी स्वस्त नाही आणि टाकणे आम्हां दोघांच्याही रक्तात नाही. पुन्हा पहिल्यासारखे सुरू झाले. आपल्यासाठी कुणी फिकट पीत आहे हे ठाऊक झाल्यावर आपला कप थोडा तरी बेचव लागायला हवा होता. तो लागला नाही. मला त्याचेच भय वाटते.

या दसऱ्याला पाहुणे आले होते. दहावीतली आमची मुलगी कॉफीचे तबक घेऊन बाहेर आली. सर्वांना कप देऊन झाल्यावर उरलेला फिकट कप तिने स्वतः उचलला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारले, "तुझी कॉफी अशी पांढरी का गं?"

"मला पातळच आवडते," ती म्हणाली.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पुढे येऊन मुलीच्या हातातला कप घेतला, मोरीत ओतला आणि डब्यातली चार चमचे नवी पूड फिल्टरमध्ये घातली. पाहुणे निघायच्या बेतात होते. त्यांना तिने बसवून घेतले. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. वीस मिनिटे झाकणाला कुणी हात लावला नाही.